मदत हवी आहे : ताणलेल्या तारेवरील वस्तुमानाची वारंवारता आयामाबरोबर का वाढते?

नमस्कार. मी माटुंग्यातील एका महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेतील एका निरीक्षणाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अर्धा मिलिमीटर व्यासाची, एक मीटर लांबीची पोलादी तार उभी ताणून दोन्ही टोकांना घट्ट आवळली आहे. ताण ५० न्यूटन असून मधोमध १०० ग्रॅमचे वस्तुमान बसवले आहे. (वजनामुळे वरच्या भागातील ताण जेवढा वाढतो तेवढाच खालच्या भागातील कमी होतो, म्हणून गुरुत्वाकर्षण हिशेबात धरलेले नाही.) वस्तुमान बाजूला ओढून सोडल्यावर, ताणाच्या दुपटीला वस्तुमान आणि तारेची अर्धी लांबी यांच्या गुणाकाराने भागले की कोनीय वारंवारतेचा (वारंवारतेच्या २π पटीचा) वर्ग मिळतो, आणि त्यावरून वारंवारता ७.१ हर्ट्झ येते. आयाम (मधल्या स्थितीपासूनचे कमाल विस्थापन) दोन मिलिमीटर असताना मोबाइलवरील संथगती चित्रणातही तेवढीच दिसते; एक सेंटीमीटरला मात्र ती ७.५ च्या आसपास जाते. तार मूळ रेषेशी करते त्या एवढ्या लहान कोनासाठी साइन आणि टॅन यांत जेमतेम ०.०२ टक्के फरक पडतो. मग सुमारे सहा टक्के वाढ कोठून आली?

प्रतिसाद :

कोनाचे गणित बिनचूक आहे. शंका घ्यावी ती ताण स्थिर असल्याच्या गृहीतकावर, जे वर्गात एका वाक्यात उरकले जाते. वस्तुमान एक सेंटीमीटर सरकले की तारेचा प्रत्येक अर्धा भाग ०.१ मिलिमीटरने लांबतो. ही लांबी क्षुल्लक वाटते खरी, पण ५० न्यूटन ताणाने तो भाग मुळात सुमारे ०.६४ मिलिमीटरच लांबलेला आहे; त्यामुळे टोकाच्या स्थितीत ताण जवळजवळ आठ न्यूटनांनी वाढतो. परिणामी प्रत्यानयन बलात (वस्तुमानाला मधल्या स्थितीकडे परत खेचणाऱ्या बलात) विस्थापनाच्या घनाचे पद येते, आणि त्याचा पूर्ण दोलनावरील परिणाम काढला की वारंवारता सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. तेव्हा आयाम 'लहान' आहे की नाही हे केवळ तारेच्या लांबीशी ताडून ठरत नाही. त्याचे अर्ध्या लांबीशी असलेले गुणोत्तर तारेच्या सुरुवातीच्या विकृतीच्या (लांबीतील वाढ भागिले मूळ लांबी) वर्गमुळापेक्षाही बरेच लहान असावे लागते. येथे ते वर्गमूळ ०.०३६ आहे आणि आपले गुणोत्तर ०.०२.

शक्य असल्यास आयामाच्या वर्गासमोर वारंवारतेच्या वर्गाचा आलेख काढावा. आयाम फार मोठा नसेल तर सरळ रेषा मिळेल. वारंवारतेच्या अक्षावरील तिच्या छेदावरून ताण कळेल. उतारात मात्र ताण येत नाही, त्यामुळे त्यावरून पोलादाचा यंगचा गुणांक (ताणाला होणाऱ्या विरोधाचे माप) थेट काढता येईल. टोकांची पकड किंचितही सरकत असेल तर तो २०० गिगापास्कलपेक्षा कमी भरेल, म्हणून आधी पकडी तपासाव्यात.