27 व्या वर्षी गेलेले कलाकार आणि आमच्या ऑर्केस्ट्रातली पोरं

तापीकाठ_भुसावळ:
मंडळी, मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्नसराईत पार नंदुरबारपर्यंत प्रोग्राम असतात. आमच्यात दोन नवी पोरं आहेत, हात एकदम भारी, पण स्टेजवर चढायच्या आधी गोळ्या घेतात आणि बोललं की म्हणतात, दादा गिटारवाला जिमी हेंड्रिक्स बघ, गायिका जॅनिस जॉप्लिन बघ, नशेशिवाय तसं वाजतं का, 27 व्या वर्षी गेले पण अमर झाले. ऐकून जीव घाबरतो. हे लोक नेमके गेले कशाने? पोरांना काय सांगू?

मेडिकलवाला_जळगाव:
भाऊ, आधी हे सांगा की त्यातलं कोणी स्टेजवर वाजवता वाजवता गेलं नाही. हेंड्रिक्स 18 सप्टेंबर 1970 ला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या घेऊन झोपला, बेशुद्धीत उलटी झाली आणि त्यातच गुदमरला. 16 दिवसांनी जॉप्लिन गेली, हेरॉइन, हॉटेलच्या खोलीत एकटी. अमेरिकन गायक प्रिन्स 2016 मध्ये गेला तेव्हा 57 चा होता, दुखण्यावरची म्हणून घेतलेली गोळी नकली होती, आत फेंटानिल निघालं.
हेरॉइन, फेंटानिल, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, सगळी एकाच घराण्यातली. मेंदू श्वास घ्यायचा जो हुकूम देतो तोच ती मंद करतात, त्यावर दारू पडली किंवा आपल्या धुळे-मालेगाव पट्ट्यात कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलम (घबराट-झोपेची गोळी) पडली की श्वास अजूनच दबतो, आणि बाकीच्यांना वाटतं गडी मस्त घोरतोय, झोपू द्या. तसं घोरणं ऐकलं आणि हाक मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि लगेच 108 लावा, एकटं सोडू नका. अजून एक, मध्ये काही दिवस बंद ठेवून परत जुन्याच मापाने घेतलं तर जास्त धोका, कारण शरीराची सवय तोवर उतरलेली असते.

खान्देशी_भो:
कोडीनला हलकं समजू नका रे भो. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू, गाणी स्लो करून वाजवायची पद्धत त्यानेच गाजवली, 2000 मध्ये 29 व्या वर्षी गेला, त्यात कोडीन होतं. पण मायकल जॅक्सनजवळ तर घरात डॉक्टर होता ना?

मेडिकलवाला_जळगाव:
होता, आणि प्रोपोफॉल त्यानेच दिलं, जे ऑपरेशन थिएटरमध्ये भूल द्यायला वापरतात ते, तेही झोप येत नाही म्हणून घरी. 2011 ला कोर्टाने त्या डॉक्टरला दोषी ठरवलं.

जाझवेडी_धुळे:
"नशेशिवाय वाजत नाही" यावर मला बोलायचंय, कारण हे ऐकलं की राग येतो. जाझमधल्या सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचं बघून त्याच्या काळातली कितीतरी पोरं हेरॉइनला लागली, त्यांना वाटायचं जादू त्या पुडीत आहे. पण 1946 च्या एका रेकॉर्डिंगला पार्कर इतका ढासळलेला होता की धड उभं राहवत नव्हतं, मग कॅमारिलोच्या हॉस्पिटलात काही महिने राहून आला आणि त्यानंतरचं वाजवणं ऐका, किती स्वच्छ आहे. पुढे परत लागलं. 1955 मध्ये 34 व्या वर्षी गेला, तपासणाऱ्याने वय पन्नाशीच्या पुढचं धरलं होतं. आणि जाझचाच सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन? ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने बँडमधून काढल्यावर 1957 ला हेरॉइन सोडलं, त्याचं सगळ्यात मोठं काम, अ लव्ह सुप्रीम हा अल्बम, हे सोडल्यावरचं आहे. पोरांना कोल्ट्रेनचं नाव द्या ना, हेंड्रिक्सच का?

तापीकाठ_भुसावळ:
ताई, हे खूप कामाचं, आजच ऐकवतो. एक पोरगा तयार होईल असं वाटतंय पण त्याला पोलिसांची भीती आहे, दवाखान्यात गेलं की केस होते म्हणतो.

मेडिकलवाला_जळगाव:
उपचार घ्यायला गेला म्हणून केस होत नाही. उलट थोडा माल सापडून केस झालेली असली आणि व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार असला तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 64अ मध्ये खटल्यापासून संरक्षणाची सोय आहे. 14446 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, त्याच्यासोबत बसून तुम्हीच फोन लावा. पुण्याला पाठवायची तयारी असेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून हेच काम करतात. आणि गोळ्या एकदम बंद करू देऊ नका, रोजची अल्प्राझोलम अचानक तोडली तर फिट येऊ शकते, डॉक्टरच्या हाताखाली हळूहळू कमी करायची.