डोक्यावर कळशी घेऊन चालायचं, पण कशासाठी?

ठाणेकर: येत्या रविवारी आमच्या सोसायटीतर्फे शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यासाठी पाच किलोमीटरचा वॉक आहे. माणशी ५०० रुपये, त्यातून पाण्याची टाकी. शेवटचा किलोमीटर भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालायचं. मला आवडलं, बायको म्हणते, नुसता देखावा. तुमचं मत?

कातळ: वहिनींशी शंभर टक्के सहमत. माझं माहेर तिकडचंच. पाऊस धो धो, पण कातळ पाणी धरत नाही. होळीनंतर विहिरी तळ गाठतात. मग टँकर येतो, विहिरीतच रिकामा करतात आणि एकदम वीस पोहरे सुटतात. गाळ ढवळतो, ते पाणी पदराने गाळून घ्यायचं. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, कडेवर पोर. आणि हे कुठे? भातसा-तानसा धरणांच्या तालुक्यात! मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाजतंय. तिथल्या बाईला तुमची कळशी कशाला दाखवता?

हिशेबी: असहमत. पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला लोक दार उघडत नाहीत, टी-शर्ट दिला की पाचशे काढतात. स्वभाव आहे, काय करणार? आमच्या ऑफिसच्या वॉकमधून एका वाडीची विहीर खोल झाली. देखावा तर देखावा.

पंपवाला: नळपाणी योजनांची कामं करतो म्हणून लिहितोय. टाकी सगळ्यांना बांधायची असते, कारण तिच्यावर नाव रंगवता येतं. वीजबिलावर कोण रंगवणार? बिल थकलं, मोटर जळली की टाकीत कबुतरं. जलजीवन मिशन २०१९ ला आलं, माणशी रोज ५५ लिटर ठरलं, नळही बसले. पण विहीरच आटली तर तोटीतून हवा येते. आधी पाणी मे महिन्यात कुठून येणार ते विचारा. मग सोलर पंप, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवा.

कातळ: वॉक काढायचाच तर पाड्यावरून मुंबई पालिकेच्या दारापर्यंत काढा. मी येते.

हिशेबी: ताई, आसनगावहून लोकलनेच दोन तास लागतात!

कातळ: मग लोकलने या. रिकामे हंडे घेऊन.

ठाणेकर: भातसाचं खरंच माहीत नव्हतं. टी-शर्टची ऑर्डर गेलीये, ती आता थांबत नाही. कळशीचा कार्यक्रम मात्र रद्द करायला सांगतो. पंपवाले, सोलर पंपाचा अंदाजे खर्च व्यनि (खासगी निरोप) कराल का?