गामलँला सरसकट मूर्ख म्हणणाऱ्यांसाठी

निखिल: काल इथे एकाने फ्रेंच सरसेनापती गामलँबद्दल ठोकून दिलं, ‘गामलँ जर्मन सीमेवरच्या मॅजिनो रेषेच्या तटबंदीमागे झोपला आणि १९४० साली फ्रान्स बुडालं.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. सँ-सीरच्या लष्करी शाळेतून १८९३ला पहिल्या नंबराने बाहेर पडलेला, १९१४ला तेव्हाचा सरसेनापती जोफ्रच्या हाताखाली मार्नच्या लढाईचे हुकूम तयार करणारा माणूस झोपाळू? तो रेषेमागे बसलाच नाही, बेल्जियममध्ये पुढे घुसण्याची डील योजना त्याचीच. चुकला तो मार्च १९४०मध्ये. राखीव ठेवलेली सातवी आर्मी त्याने हॉलंडमधल्या ब्रेडाकडे धाडायचं ठरवलं. जर्मन आले आर्देनच्या जंगलातून. १३ मेला सेदाँजवळ म्यूज नदी ओलांडली, तेव्हा मागे रोखायला कोण होतं?

मीरा: मग वेगळं काय म्हणालात? सातवी आर्मी तिकडे धाडायला हाताखालच्या जनरल जॉर्जचाही विरोध होता. हुशार माणूस ऐकून घेतो.

जुना सिग्नलवाला: योजना राहू द्या हो. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात या सरसेनापतीकडे वायरलेस नव्हता! निरोप मोटरसायकलवरून. जॉर्ज साठेक किलोमीटर लांब, मुख्यालयाचा कारभार तिसरीकडे, माँत्रीला. मी २२ वर्षं वायरलेसवर काढली. एकदा सरावात पावसाने लाइन गेली, मी चिठ्ठी घेऊन धावलो. पोचलो तर तुकडी नाला ओलांडून गेलेली, हातातल्या कागदावरची पेन्सिल पुसलेली. तेव्हापासून कुणी नकाशे दाखवून लढाई समजावू लागलं की मी आधी विचारतो, निरोप किती वेळात पोचला?

मीरा: काका, निरोप मिनिटात पोचला असता तरी धाडायचं कुणाला? १६ मेला चर्चिलने पॅरिसमध्ये विचारलं, राखीव फौज कुठे आहे? गामलँ म्हणाला, नाही.

जुना सिग्नलवाला: अहो, हल्ला १० मेला झाला, नदी १३ला गेली! या तीन दिवसांत खरी खबर वर पोचली असती तर जनरल झिरोची सातवी आर्मी मागे वळवता आली असती. फौजेत राहिल्याशिवाय कळायचं नाही हे.

मीरा: फौजेत नसलेल्यांनी गप्प बसायचं का? माझे आजोबाही फौजेतच होते.

धनंजय: भांडू नका. १९ मेला गामलँला काढून त्याच्या जागी जनरल वेगाँला आणलं. पुढे १९४२ला पराभवाचा दोष ठरवायच्या रियोंच्या खटल्यात गामलँ गप्प बसला. लोक त्याला बाणेदारपणा म्हणतात. मला पटत नाही. ज्यांची पोरं सेदाँला मेली त्यांना उत्तर मिळायला हवं होतं.

निखिल: खटला पराभवानंतर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारचा होता, धनंजय. त्यांना उत्तर द्यायला तो बांधील नव्हता. वायरलेसचं मात्र काकांचं मान्य, मी ते लिहायला हवं होतं.

मीरा: आणि राखीव फौजेचं माझं?

निखिल: तेही. पण ‘झोपला’ हा शब्द मागे घ्या.

मीरा: तो माझा नव्हताच.