तटबंधांची उंची आणि गावाची तयारी

पूर वाढत असतील तर तटबंध आणखी उंच करावेत, ही मागणी स्वाभाविक असली तरी नदीकाठच्या गावाने तेवढ्यावर विसंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते. दोन तटबंधांमध्ये दरवर्षी साचणाऱ्या गाळाने नदीचे पात्रच वर येत जाते, आणि तटबंध फुटलाच तर शेतात शिरलेल्या पाण्याला परतीची वाट उरत नाही. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे, पुढे बिहारमध्ये वाहत येणाऱ्या कोसी नदीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीतील पाणी तटबंधाच्या नियोजित क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी होते. तरीही बिहारमधील लाखो लोकांना घरे सोडावी लागली. याउलट नेदरलँड्समधील ओव्हरडीप पोल्डर या बांधांनी वेढलेल्या सखल भागातील शेतकऱ्यांनी घरे आणि गोठे मातीच्या उंच भरावांवर नव्याने बांधून पुराला शेतातून वाट देण्याची योजना स्वतःच पुढे आणली. तिथे सरकारचा पैसा होता, हे खरे. परंतु गोठाही उंचावर नेण्याचा विचार सर्वत्र लागू पडतो, कारण दावणीची जनावरे सोडून जाववत नाही म्हणून अनेक कुटुंबे पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलत नाहीत. निवाऱ्याची जागा ठरवताना जनावरे, कोरडा चारा आणि पुढच्या पेरणीचे बियाणे यांची सोय आधी पाहायला हवी.