ॲलेक गिनेस खरे कोणाचे : रंगभूमीचे की पडद्याचे?

धागाकर्ता :
ऑलिव्हिए, गिलगुड आणि रिचर्डसन या इंग्रजी रंगभूमीच्या दिग्गज नटांच्या पंक्तीला ब्रिटिश नट ॲलेक गिनेस (१९१४–२०००) यांना बसवण्याचा प्रघात आहे. माझ्या मते रंगभूमीच्या बळावर ते तिथे बसत नाहीत. गिलगुड यांनी १९३४ साली त्यांना 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची छोटी भूमिका दिली आणि १९३८ मध्ये दिग्दर्शक टायरोन गथ्री यांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहासाठी आधुनिक वेशातला हॅम्लेट त्यांच्याकडून करवून घेतला, हे खरेच आहे. परंतु जिथे नटाने एकट्याने मंच व्यापायचा असतो तिथे ते उणे पडले. १९५१ चा हॅम्लेट पडला, १९६६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिन्योरे यांच्यासोबत केलेला मॅक्बेथही पडला.

याउलट 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) मधला एकच प्रसंग पाहावा. गिनेस यांनी साकारलेले युद्धकैदी कर्नल निकल्सन उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येतात आणि मोडलेल्या अंगाने, पण ताठ मानेने चालू लागतात. ही चाल गिनेस यांनी पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाच्या चालण्यावरून घेतली होती. पाऊल टाकण्यापूर्वीची ती अडखळ नाट्यगृहाच्या मागच्या रांगांपर्यंत पोहोचली नसती. कॅमेऱ्याने ती टिपली आणि ऑस्करही मिळाले.

पहिला प्रतिसाद :
१९५१ च्या हॅम्लेटचा दाखला दर वेळी दिला जातो आणि पहिल्याच प्रयोगात प्रकाशयोजनेचा बोजवारा उडाला होता हे दर वेळी गाळले जाते. ऑलिव्हिए यांच्या लिअरसमोर १९४६ मध्ये केलेला विदूषक, पुढच्याच वर्षीचा शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड, १९५३ मध्ये कॅनडातील स्ट्रॅटफर्ड महोत्सवाचा आरंभच ज्याने झाला तो तंबूतला तिसरा रिचर्ड, 'रॉस' (१९६०) मधला टी. ई. लॉरेन्स (लॉरेन्स ऑफ अरेबिया) आणि अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवून देणारा, कवी डिलन थॉमस यांच्यावरचा 'डिलन' (१९६४) हे सारे बाजूला सारून दोन अपयशांवर निकाल द्यायचा, हा कुठला न्याय? शिवाय पडद्याचे दार त्यांना उघडून दिले ते रंगभूमीनेच. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे नाट्यरूपांतर त्यांनी स्वतः केले होते. १९३९ च्या त्या प्रयोगात ते हर्बर्ट पॉकेट झाले, तो चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी पाहिला आणि १९४६ च्या चित्रपटात तीच भूमिका त्यांना दिली.

दुसरा प्रतिसाद :
दोघेही कौतुकात गुंतला आहात, म्हणून नावडता मुद्दा मांडतो. वेशांतराची जी हौस रंगमंचावर खपून जाते, ती कॅमेऱ्यासमोर उघडी पडते. लीन यांच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) मधल्या फॅगिन या ज्यू चोरांच्या म्होरक्याचे ते अवाढव्य नाक ज्यूंची विटंबना म्हणून गाजले आणि अमेरिकेत चित्रपट काटछाट होऊन १९५१ मध्ये लागला. तरीही १९८४ मध्ये 'अ पॅसेज टू इंडिया'साठी त्यांनी तोंडाला रंग फासून प्राध्यापक गोडबोले साकारले. कादंबरीतले गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहेत. मराठी प्रेक्षकाला त्या पगडीखाली लंडनचा नट दिसत राहतो. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी आणि रोशन सेठ याच चित्रपटात असताना गोडबोल्यांसाठी भारतीय नट मिळाला नसता, हे पटत नाही.

धागाकर्ता :
गोडबोल्यांचा बचाव मी करणार नाही. त्यांचे नृत्यासह बरेच काम संकलनात गेले याचे गिनेस यांना वाईट वाटले होते. मला मात्र ते गेले ते बरेच झाले असे वाटते. तथापि हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. फॅगिनची भूमिका त्यांनी हट्टाने, रंगभूषेसह चाचणी देऊन लीन यांच्याकडून मिळवली होती. म्हणजे पडद्यावरही जिथे फसले तिथे त्यांच्यातला नाटकवालाच आडवा आला. बीबीसीच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७९) मधला गुप्तहेर जॉर्ज स्मायली पाहा. नाक नाही, दाढी नाही. समोरचा बोलत असताना चष्म्याआडून नुसते ऐकत राहणारा, काही केल्या मन न उकलणारा म्हातारा. तिथे गिनेस सर्वांत मोठे दिसतात.

पहिला प्रतिसाददाता :
ऐकणे ही काय कॅमेऱ्याची देणगी आहे? लिअरच्या विदूषकाला मोजकेच संवाद असतात. उरलेला वेळ त्याला राजाकडे पाहत, ऐकतच काढावा लागतो. स्मायलीचे बीज तिथले आहे. आणि 'स्टार वॉर्स' (१९७७) च्या नफ्यात सुमारे दोन टक्क्यांचा वाटा मिळाल्यामुळे पैशांची ददात उरली नसताना, १९८८-८९ मध्ये पंचाहत्तरीच्या घरातले गिनेस 'अ वॉक इन द वुड्स'साठी लंडनच्या रंगमंचावर पुन्हा कशासाठी उभे राहिले?

धागाकर्ता :
ते नाटक दोन पात्रांचे, वाटाघाटीसाठी आलेल्या एका रशियन आणि एका अमेरिकन मुत्सद्द्याच्या गप्पांचे. एकट्याने मंच व्यापण्याची सक्ती त्यात नव्हती. निरोपासाठी त्यांनी शेक्सपिअरचा लिअर किंवा 'टेम्पेस्ट'मधला प्रॉस्पेरो निवडला नाही, हे नाटक निवडले. स्वतःची ताकद कशात आहे हे त्यांना आपल्या दोघांपेक्षा चांगले कळत होते.