पानं कापून बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या खानदेशात आहेत का?

केळीवाला रावेर
मंडळी, पोराने मोबाइलवर दाखवलं. मुंग्या पानांचे तुकडे डोक्यावर धरून बिळात नेतात, त्यावर बुरशी पिकवतात आणि तीच खातात. आमच्या बांधावरही मुंग्यांची रांग असते, बिळाच्या तोंडाशी ज्वारीच्या कोंड्याचं गोल आळं. पोरगं म्हणतं याच त्या. मला काही पटत नाही. पण मग अंगणातल्या गुलाबाच्या पानांना गोल गोल काप कोण पाडतंय?

तापीकाठ
भाऊ, तुमचं बरोबर. बुरशी पिकवणाऱ्या मुंग्यांच्या अडीचशेच्या आसपास जाती आहेत, सगळ्या अमेरिकेच्या दोन्ही खंडांतल्या. हिरवी पानं कापणाऱ्या त्यातल्या थोड्याच. मला आवडते ती ट्रॅकिमायरमेक्स सेप्टेन्ट्रिओनॅलिस. बहुतेक भाऊबंद उष्ण प्रदेशात, ही मात्र पार न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडपर्यंत. रेताड जमिनीत राहते, उकरलेली वाळू बिळाच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी टाकते. बुरशीला खत म्हणून सुरवंटाच्या लेंड्या नि ओकचा मोहोर आणते. नवी राणी माहेरातून निघताना बुरशीची गोळी तोंडात धरून नेते, बियाणं घरचंच!
तुमच्या मुंग्या दाणे साठवणाऱ्या. दाणा आत, कोंडा बाहेर. गुलाबावर पानकापी माशी येते, मधमाशीतलीच. तुकडे अंड्याच्या खोलीला अस्तर म्हणून नेते. झाडाला काही होत नाही, फवारू नका.

साक्रीकर
एवढ्या लांब कशाला जायचं भो? आपली वाळवी हेच करते. गेल्या साली बांध सरळ करताना जेसीबीने वारूळ फुटलं. आत हातात मावेल एवढा तपकिरी गड्डा, अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा, वजनाला काहीच नाही. जवळ धरला तर वर खसखशीएवढे पांढरे ठिपके. तीच तिची बुरशी. पावसाळ्यात वारुळावर लांब देठाची छत्री उगवते ती त्याच गड्ड्यातून, म्हणून उपटली तरी मूळ खालीच राहतं.

केळीवाला रावेर
म्हणजे वाळवी मुंगीचीच जात?

तापीकाठ
नाही, ती झुरळाच्या गोतातली. शेती दोघींनी वेगवेगळी सुरू केली.

केळीवाला रावेर
आणि खळ्यावरच्या पऱ्हाट्या मातीने माखून पोकळ होतात, त्या बुरशीसाठी?

साक्रीकर
मग काय. पऱ्हाटी खाऊन तिची विष्ठा त्या गड्ड्यावर रचते, बुरशी ती कुजवते, मग जुना भाग वाळवी खाते. पऱ्हाट्या जमिनीला टेकू देऊ नका, खाली दगड लावून रचा.