वॉशिंग मशीन पाणीच घेईना, मेकॅनिक म्हणतोय बोर्ड गेलाय (लातूर)

मांजराकाठची
नमस्कार मंडळी. आमचं फ्रंट लोड मशीन आहे, चार-पाच वर्षं झाली असतील. मागच्या आठवड्यापासून चालू केलं की नुसतं घूंऽऽ असा आवाज करतंय अन् पाणी अगदी थोडं थोडं घ्यायलंय, मग बऱ्याच वेळानं आयई असं दाखवून बंद पडतंय. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतंय त्यामुळं गच्चीवरच्या टाकीत बोअरचं सोडावं लागतं, उन्हाळ्यात टँकरचं पण. मेकॅनिक येऊन गेला, मागचं झाकण सुद्धा न उघडता म्हणला बोर्ड (मशीन चालवणारं आतलं सर्किट) गेलाय, साडेपाच हजार लागतील. लेकरांचे युनिफॉर्म, सासूबाईंच्या गोधड्या सगळं साचून बसलंय, पण न बघता एवढे पैसे द्यायचं मनाला पटेना. घरच्या घरी काही तपासता येईल का? पक्कड, स्क्रूड्रायव्हर आहे घरात.

परभणीकर_वायरमन
ताई, पैसे अजिबात देऊ नका अजून. तुम्ही सांगितलेला घूं आवाज पाणी घ्यायच्या व्हॉल्व्हचा आहे, म्हणजे बोर्डानं त्याला करंट दिलाय अन् त्याची कॉइल पण चांगली आहे. यातलं काही गेलं असतं तर तो आवाजच आला नसता. आयई म्हणजे एवढंच की ठरलेल्या वेळात पाणी लेव्हलला आलं नाही, का आलं नाही ते मशीनला कळत नसतंय.

आधी प्लग काढा, नळ बंद करा, पाईप मशीनच्या बाजूनं सोडा, खाली घमेलं ठेवा कारण पाईपातलं पाणी सांडणार. मग तो पाईप बादलीत धरून नळ पूर्ण उघडा. दहा लिटरची बादली दीड-दोन मिनिटात भरली तर लाईन ठीक आहे. लईच वेळ लागला तर दोष नळाकडच्या बाजूला आहे, मशीनला उगं बोल लावू नका.

आता पाईप जिथं मशीनला बसतो तिथं आत बघा, बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असती, तिच्या मधोमध छोटा दांडा असतो, तो पक्कडीनं धरून सरळ बाहेर ओढा, पिळू नका. नळाकडच्या टोकाला पण कधी कधी दुसरी जाळी असती, तिकडं पण बघा. टँकरची बारीक वाळू ब्रशनं निघते पण बोअरचा क्षार घासून निघत नसतो, त्याला लिंबूसत्वच लागतं. ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे टाकून जाळी अर्धा तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा.

जालन्याचा_भाऊ
एवढं कशाला ओ, जाळीच काढून टाका. आमच्या शेजारच्यांनी तसंच केलंय, फुल्ल प्रेशर यायलंय. अन् क्षाराला संडासात टाकायचं ॲसिड मारा, लगेच साफ.

परभणीकर_वायरमन
भाऊ, राग नका मानू पण ताईंनी यातलं काहीच करू नये. जाळी नसली की तीच वाळू व्हॉल्व्हच्या आतल्या रबरात जाऊन बसती, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही अन् मशीन बंद असताना पण आत पाणी झिरपत राहतं. रात्रभरात घरभर पाणी होतंय असं. आणि ते ॲसिड घरातल्या ब्लीचिंग पावडरीशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. लेकराबाळांच्या घरात बंद बाथरूममधे हा खेळ नकोच.

मांजराकाठची
दादा, जाळी काढली. छिद्रंच दिसत नव्हती हो, ज्वारीच्या पिठासारखा पांढरा राप अन् त्यात काळी वाळू. लिंबूसत्वात टाकल्यावर बुडबुडे यायला लागले अन् स्वच्छ निघाली. पण बादली काही लवकर भरेना. गच्चीवरच्या नळाला धो धो पाणी आहे अन् या नळाला मात्र बारीक धार, मधेच फुस्स करतो. परवा टँकर उशिरा आला तेव्हा टाकी पार कोरडी झालती.

गोदाकाठचा_प्लंबर
फुस्स करतोय म्हणजे लाईनीत हवा अडकलीय. टाकी रिकामी झाली की पाईपात हवा शिरते, अन् जिथं पाईप दरवाज्यावरून वर जाऊन परत खाली उतरलाय तिथं वरच्या वळणात ती बसून राहती. टाकीच्या पाण्याला तिला ढकलायचा जोर नसतो. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर मिळतं, तुमची टाकी नळापासून तीन मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार. बऱ्याच मशीनला कमीत कमी तेवढं तर लागतंच, त्यात हवा अडकली की संपलं.

उपाय असा, बोअरच्या मोटारीच्या लाईनवर जो नळ असेल त्याला रबरी पाईप लावा, दुसरं टोक मशीनच्या नळाला घट्ट बांधा, क्लॅम्प लावा. मशीनचा पाईप आधी काढलेला पाहिजे. दोन्ही नळ उघडून मिनिटभर मोटार चालवा, पाणी उलटं टाकीकडं जाईल अन् हवा घेऊन जाईल. घरातले बाकीचे नळ बंद ठेवा. नगरपालिकेच्या नळाला मात्र हे जोडू नका, टाकीतलं पाणी उलटं त्या लाईनीत गेलं तर सगळ्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्यात जाईल.

आपल्याकडं टाकी दर उन्हाळ्यात कोरडी पडतेच, त्यामुळं कायमचं करून घ्या. टाकीच्या आऊटलेटला लागूनच अर्ध्या इंची उभा पाईप टी (तीन तोंडाचा जोड) टाकून वर काढायचा, टाकीच्या तोंडापेक्षा उंच, अन् टोक खाली वाकवायचं म्हणजे कचरा पडत नाही. हवा तिथूनच निघून जाते. थोडक्यात काम होतं.

मांजराकाठची
झालं! मोटार चालू केल्यावर टाकीत मोठे बुडबुडे आले, आता धार चांगली आहे अन् मशीन पाणी घ्यायलंय. फक्त मागच्या जोडातून थेंब थेंब गळतंय, टेफलॉन टेप गुंडाळू का?

परभणीकर_वायरमन
टेप नको. तिथं सील आतल्या रबरी वायसरनं होतं, आट्यांनी नाही. वायसर तिरपं बसलंय का, चिरलंय का बघा, चिरलं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जुनं दाखवून तसंच नवं घ्या. आवळताना हातानंच, शेवटी पक्कडीनं अगदी किंचित. जास्त जोर लावला तर व्हॉल्व्हचे प्लॅस्टिकचे आटे जातात अन् मग खरंच व्हॉल्व्ह बदलावा लागतो. नंतर जोडाभोवती कोरडा पेपर गुंडाळून एक फेरी रिकामीच चालवा, पेपर ओला झाला नाही तर टाका गोधड्या.